दात साफ करणाऱ्या हातांनाही उजळणी हवी : डेंटल हायजिनिस्टच्या निरंतर शिक्षणाविषयी सविस्तर

बेळगाव : आमच्या आजीच्या कनवटीला मिश्रीची डबी कायम असायची. सकाळी चुलीपाशी बसून बोटानं दातांवर फिरवायची, मग अर्धा तास कुणाशी बोलायची नाही. दात काळे पडले होते, पण ‘मिश्रीमुळं दाढ दुखत नाही’ हे तिचं ठाम मत. शेवटच्या काही वर्षांत ती तालुक्याच्या गावी दात साफ करायला दोनदा गेली. दोन्ही वेळा दात स्वच्छ झाले, पैसे दिले आणि घरी आली. डबी कनवटीला तशीच. ‘मावशी, हे किती वर्षं लावता?’ एवढा साधा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

हा प्रश्न विचारायला सर्वांत जास्त वेळ ज्यांच्याकडं असतो, ते म्हणजे डेंटल हायजिनिस्ट. डॉक्टर पाच मिनिटं तपासतात, पण दात साफ करणारी व्यक्ती अर्धा-पाऊण तास उघड्या तोंडासमोर बसलेली असते. त्या वेळात तिला काय दिसतं, काय ओळखता येतं आणि ती काय बोलते, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणूनच कोर्स संपल्यावरही तिचं शिक्षण सुरू राहणं गरजेचं आहे. या व्यवसायातले मुलं-मुली आणि दवाखान्यात जाणारे सामान्य वाचक, दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती इथं एकत्र दिली आहे.

हायजिनिस्ट म्हणजे नेमकं कोण?

अनेकांना वाटतं, डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून हत्यारं देणारी मुलगी म्हणजे हायजिनिस्ट. तसं नाही. आपल्या देशात १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यानं या व्यवसायाची व्याख्या केली. जी व्यक्ती डेंटिस्ट किंवा डॉक्टर नाही, पण दातांवरचं कीटण काढते, दात स्वच्छ करते, पॉलिश करते किंवा दातांची निगा कशी राखावी हे शिकवते, ती डेंटल हायजिनिस्ट. कवळी आणि दातांची उपकरणं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा तो डेंटल मेकॅनिक. दोघांची नोंद वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये होते. खुर्चीशेजारी मदत करणारी असिस्टंट ही तिसरी व्यक्ती.

व्याख्येतला शेवटचा भाग नीट वाचा. ‘शिकवणं’ हे कायद्यानंच हायजिनिस्टच्या कामात घातलेलं आहे. ती वेळ उरला तर करायची सेवा नव्हे.

हायजिनिस्टचा कोर्स बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा असतो. काम डेंटिस्टच्या देखरेखीखाली करायचं असतं. दात काढणं, ड्रिल करून सिमेंट भरणं, रूट कॅनल ही तिची कामं नाहीत. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आणलेल्या या कायद्यातही हायजिनिस्टचा समावेश आहे.

या व्यवसायाची सुरुवात अमेरिकेतली. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात डॉ. आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. नुसते किडलेले दात दुरुस्त करून भागत नाही, ते किडूच नयेत यासाठी वेगळा माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. १९०६ मध्ये त्यांनी आपली असिस्टंट आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवलं आणि १९१३ मध्ये पहिला वर्ग सुरू केला. त्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलींना ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये मुलांचे दात साफ करायला आणि त्यांना शिकवायला नेमलं. म्हणजे हा व्यवसाय जन्मला तोच आजार टाळण्यासाठी.

एकदा शिकलं की पुरे का नाही?

हिशेबाच्या वहीसारखंच आहे. जीएसटी आल्यावर जुन्या व्हॅटच्या नियमांवर दुकान चालवता येत नाही. दातांच्या शास्त्रातही तसेच बदल होत असतात. काही ठळक उदाहरणं बघू.

हिरड्यांच्या आजाराचं वर्गीकरण : १९९९ पासून हिरड्यांचा खोलवर गेलेला आजार ‘क्रॉनिक’ आणि ‘अॅग्रेसिव्ह’ अशा मुख्य प्रकारांत मांडला जायचा. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेनंतर २०१८ मध्ये नवी पद्धत आली. आता आजार किती पुढं गेलाय यासाठी १ ते ४ टप्पे आणि तो किती वेगानं वाढेल यासाठी ए, बी, सी अशा श्रेणी. रुग्ण दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढत असेल, किंवा मधुमेहाचं एचबीएवनसी ७ किंवा त्याहून वर असेल, तर श्रेणी सी धरली जाते. म्हणजे साखरेचा रिपोर्ट हा आता दातांच्या केसपेपरचा भाग झाला. २०१८ च्या आधी शिकून बाहेर पडलेल्यांना हे कॉलेजमध्ये कुणी शिकवलेलं नाही.

हृदयरोगी आणि अँटिबायोटिक : पूर्वी हृदयाच्या झडपेचा कोणताही त्रास असला की दात साफ करण्याआधी अँटिबायोटिक दिलं जायचं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००७ मध्ये ही यादी आखडती घेतली. कृत्रिम झडप, आधी झालेला एंडोकार्डायटिस, जन्मजात हृदयदोषाचे काही प्रकार अशा सर्वाधिक धोका असलेल्यांपुरतीच ती ठेवली. २०२१ मध्ये त्यांनी क्लिंडामायसिन हे औषध या कामासाठी वापरू नये असंही सांगितलं. औषध लिहून देणं हे डॉक्टरांचं काम. पण ‘हृदयाचं ऑपरेशन झालंय का?’ हे हत्यार हातात घेण्याआधी विचारणं आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घालणं हे हायजिनिस्टचं काम आहे.

कीड थांबवणारं औषध : सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध किडलेल्या जागी लावलं की कीड पुढं सरकणं बऱ्याचदा थांबतं. ड्रिल लागत नाही. घाबरणाऱ्या लहान मुलांसाठी आणि अंथरुणावरच्या वृद्धांसाठी ते सोयीचं. किडलेली जागा कायमची काळी पडते, म्हणून आई-बापाला आधी स्पष्ट सांगून संमती घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. दवाखान्यात ते कुणी आणि कधी लावायचं हे डेंटिस्ट ठरवतील, पण पालकांच्या प्रश्नांना उत्तर देता आलं पाहिजे.

काही गोष्टी बदललेल्या नाहीत, पण विसरल्या जातात. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांना ब्रश करणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. रुग्णाला सांगण्यासारखा याहून चांगला पुरावा नाही : सुरुवातीची सूज तुमच्या हातानं येते आणि तुमच्याच हातानं जाते.

आपल्या भागाचा वेगळा अभ्यासक्रम

परदेशातल्या ऑनलाइन कोर्समध्ये सिगारेट असते, व्हेप असतं. मिश्री नसते. आपल्या सीमाभागातल्या हायजिनिस्टनं उजळणी करताना पुढचे विषय आधी घ्यावेत.

१. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड महाराष्ट्र, गोवा आणि बेळगाव भागात विशेषतः बायका वापरतात. निपाणी हे तंबाखूचं जुनं केंद्र, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलनही तिथलंच. त्यामुळं तंबाखू इथं परकी नाही, घरातलीच वाटते. मिश्री लावणाऱ्या बाईला आपण ‘तंबाखू खातो’ असं वाटतच नाही. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की ती खरं बोलूनच ‘नाही’ म्हणते. प्रश्न असा हवा : ‘दात कशानं घासता? मिश्री, तपकीर, काय लावता?’ टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मिश्रीवर मात्र कायद्याचा हात पोचत नाही, तिथं बोलणंच कामाला येतं. गरोदर बाई असेल तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका सांगितलाच पाहिजे.

२. गुटखा आणि सुपारी. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये गुटखाबंदी झाली. तोंडं मात्र अजून लाल दिसतात. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीमुळं गालाची आतली त्वचा ताठ आणि पांढरट होते, तिखट सोसत नाही, तोंड कमी उघडू लागतं. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तिला कसलंही यंत्र लागत नाही.

३. पांढरा किंवा लाल चट्टा. दात साफ करायच्या आधी ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि टाळू असं ठरलेल्या क्रमानं बघायची सवय हवी. तंबाखू जिथं धरली जाते ती खालच्या ओठामागची आणि गालाची खोबण विशेष बघावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की ती केसपेपरवर लिहून डॉक्टरांना दाखवायची. निदान हायजिनिस्टनं करायचं नाही आणि रुग्णाला घाबरवायचंही नाही. पण ‘मला वाटलं डॉक्टर बघतील’ हेही चालणार नाही.

४. विडी आणि न रक्ताळणाऱ्या हिरड्या. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळं सगळं ठीक आहे असं वाटतं. आत मात्र हाड झिजत असतं. म्हणून अशा रुग्णाच्या हिरडीची खोली मोजणं जास्त महत्त्वाचं.

५. मधुमेह. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, असा दोन्ही बाजूंचा संबंध आहे. दात हलतात म्हणून आलेल्या माणसाला ‘साखर कधी तपासली होती?’ हे विचारावं.

६. बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. उत्तर कर्नाटकातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते याहून जास्त सापडतं. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. ते घासून जात नाहीत आणि ती अस्वच्छताही नव्हे. अशा मुलाला ‘नीट ब्रश करत नाहीस’ म्हणून ओरडणं चूक आहे.

बोलायचं कसं, हेही शिकावं लागतं

तंबाखू सोडवण्यासाठी पाच पायऱ्यांची पद्धत जगभर शिकवली जाते : विचारा, सल्ला द्या, तयारी आहे का बघा, मदत करा, पुन्हा भेट ठरवा. कागदावर सोपं वाटतं. खुर्चीत बसलेल्या साठीच्या बाईशी बोलताना ते असं होतं :

‘मावशी, मिश्री कधीपासून लावता?’

‘लग्न झाल्यापासनं गं पोरी. आता कुठं सुटायची?’

‘दिवसातनं किती वेळा?’

‘चार-पाच वेळा. लावली नाही तर डोकं धरतंय.’

‘बरं. आजच बंद करा म्हणत नाही मी. पण ही आतली जागा बघा, आरशात दिसती का पांढरी? डॉक्टरांना दाखवूया. आणि दुपारची एक वेळ सोडून बघाल का पंधरा दिवस? पुढच्या वेळेला मला सांगा.’

यात उपदेश नाही, लाज आणणं नाही. काय दिसतंय ते दाखवलं, एक छोटी गोष्ट मागितली आणि पुढची तारीख दिली. डोकं धरणं हे निकोटिनच्या सवयीचं लक्षण आहे हे हायजिनिस्टला माहीत असलं की तिला मावशीचा राग येत नाही. ज्यांना सोडायची इच्छा आहे त्यांना राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक लिहून द्यावा.

भाषेचाही प्रश्न आहेच. कोर्स इंग्रजीत, दवाखान्याचे फलक कन्नड-इंग्रजीत आणि रुग्ण खानापूरकडचा मराठी. ‘प्लाक’ म्हटल्यावर मान हलते, समजत काही नाही. ‘रात्रीत दातावर साचणारा चिकट थर’ म्हटलं की कळतं. आपल्या भागातल्या हायजिनिस्टनं हे सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायचा सराव मुद्दाम करावा. तीही उजळणीच आहे.

घरी सांगायच्या सूचना ठरलेल्या असाव्यात. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट. रात्रीचं ब्रशिंग चुकवायचं नाही. नंतर थुंकायचं, भरपूर पाण्यानं चूळ भरून फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. आपल्याकडं पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम असू शकतं आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. ते वाचायला रुग्णाला शिकवा.

आणखी एक गैरसमज रोज समोर येतो : ‘दात साफ केले की सैल होतात.’ खरं असं, की दातांमधल्या फटी कीटणानं भरलेल्या असतात. कीटण निघालं की फट दिसते, जिभेला जागा मोकळी लागते, काही दिवस थंड झोंबतं. दात आधीच आजारानं सैल झालेला असतो, कीटणानं तो धरून ठेवल्यासारखा वाटतो एवढंच. हे आधी सांगितलं तर माणूस पुढच्या वेळी येतो. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

स्वतःची आणि रुग्णाची सुरक्षा

निरंतर शिक्षणात जंतुसंसर्ग रोखण्याची उजळणी दरवर्षी हवी. हत्यारं उकळत्या पाण्यात टाकणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशाला ३ मिनिटं, तेही हत्यारं आधी घासून धुतल्यावर आणि पाकिटात बंद करून. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस (सुरुवातीला, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी) पूर्ण झालेत का आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासली का, हे प्रत्येकीनं स्वतःपुरतं बघावं. हत्यार टोचलं तर साबण-पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. घाबरून लपवण्यात वेळ जातो.

शिकायचं कुठं? पैसे भरण्याआधी काय बघायचं?

बेळगावात १९८५ पासूनचं केएलईचं डेंटल कॉलेज आणि मराठा मंडळाचं डेंटल कॉलेज आहे. गोव्यात बांबोळीचं सरकारी डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजं, राज्य डेंटल कौन्सिल आणि इंडियन डेंटल असोसिएशनच्या शाखा यांचे निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम होत असतात. ते प्रामुख्यानं डेंटिस्टसाठी आखलेले असतात, म्हणून हायजिनिस्टनं आधी फोन करून प्रवेश आहे का विचारावं.

फी भरण्याआधी एवढं तपासा :
– कार्यक्रमाला राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, आणि हायजिनिस्टसाठी प्रमाणपत्र मिळेल का?
– शिकवणारे कोण? विषय नावापुरता आहे की हातानं करून बघायला मिळणार?
– खर्च कुणी उचललाय? पेस्ट किंवा मशीन विकणाऱ्या कंपनीनं उचलला असेल तर जा, पण त्यांच्या मालाविषयीचं बोलणं जाहिरात म्हणूनच ऐका.
– जे शिकाल ते हायजिनिस्टच्या कामाच्या चौकटीत बसतं का? प्रमाणपत्र मिळालं म्हणून ड्रिल हातात घ्यायचा अधिकार मिळत नाही.

प्रमाणपत्र, तारीख, तास आणि ‘यातून मी दवाखान्यात काय बदललं’ ही एक ओळ, अशी फाईल ठेवा. ब्रिटनमध्ये नियमच तसा आहे. तिथं हायजिनिस्टला पाच वर्षांत ७५ तासांचं पडताळता येईल असं शिक्षण आणि कोणत्याही सलग दोन वर्षांत किमान १० तास दाखवावे लागतात. परदेशी जायचा विचार असणाऱ्यांनी ही सवय इथंच लावून घ्यावी.

सीमाभागासाठी एक खास सूचना. नोंदणी राज्याच्या रजिस्टरमध्ये होते. बेळगावात शिकून चंदगड, गडहिंग्लजला किंवा गोव्यात नोकरी धरली, तर नोंदणी त्या राज्यात हलवून घ्यावी लागते आणि कायद्यात त्याची सोय आहे. ‘हाकेच्या अंतरावर तर आहे’ म्हणून हे काम अंगावर काढू नका. लग्न होऊन पलीकडच्या राज्यात गेलेल्या मुलींचं यातच अडतं.

डॉक्टरांसाठी आणि रुग्णांसाठी

दवाखाना चालवणाऱ्यांना एक दिवसाची सुटी आणि फी म्हणजे खर्च वाटतो. हिशेब मांडून बघा : वेळेत दिसलेला एक पांढरा चट्टा कोणत्या रकान्यात लिहाल? ज्यांना बाहेर पाठवणं जमत नाही त्यांनी महिन्यातून एक दुपार तासभर आपल्याच स्टाफबरोबर बसून एक विषय घ्यावा. त्यालाही पैसे लागत नाहीत.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी दात साफ करायला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा : ‘आपण नोंदणीकृत हायजिनिस्ट आहात का?’ आणि ‘माझ्या तोंडात दातांशिवाय आणखी काही दिसलं का?’ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलात तर मिश्रीची डबी लपवू नका, समोर ठेवा. आमच्या आजीच्या वेळी ती आम्हीही लपवली होती.